अर्धवट राहिलेला खेळ: 'स्टिचेस' या आयरिश विनोदी स्लॅशरचा प्रकरण अभ्यास

खुनी विदूषक हा भयपटातला सगळ्यात स्वस्तात उभा राहणारा खलनायक. चेहऱ्याला रंग, डोक्यावर टोप, पायात मोठाले बूट, हातात सुरा एवढ्यावर काम भागतं. म्हणूनच कमी पैशांत सिनेमा काढणाऱ्या मंडळींना तो इतका हवाहवासा वाटतो, आणि म्हणूनच असे बहुतेक सिनेमे एकमेकांसारखे दिसतात आणि विसरले जातात. कॉनर मॅकमॅहन या आयरिश दिग्दर्शकाचा 2012 सालचा 'स्टिचेस' त्यांतून वेगळा काढून नीट बघावा असा आहे. तो थोर सिनेमा नाही. मधला बराच भाग ढिला पडलाय आणि शेवटाबद्दल माझी मोठी तक्रार आहे. पण एक अवघड प्रश्न त्याने फार स्वच्छपणे सोडवला आहे. हसू आणि भीती एकाच क्षणात कशी आणायची, आणि तीही खिशात फारसे पैसे नसताना, हा तो प्रश्न.

पुढे कथेचा शेवटही सांगितला आहे, कारण त्याशिवाय या प्रकरणाची चर्चा होऊच शकत नाही.

काय घडतं

रिचर्ड ग्रिंडल हा भाड्याने मिळणारा विदूषक. धंद्यातलं नाव स्टिचेस. कॅराव्हॅनमध्ये राहणारा, कामाचा कंटाळा आलेला, मुलांचा तर त्याहून जास्त. दहा वर्षांच्या टॉमच्या वाढदिवसाला तो उशिरा येतो आणि पाट्या टाकल्यासारखे खेळ करू लागतो. मुलंही काही कमी नाहीत. त्याला टोमणे मारतात, त्रास देतात आणि शेवटी त्याच्या बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून ठेवतात. तो अडखळतो आणि उघड्या डिशवॉशरमध्ये टोक वर करून ठेवलेल्या सुरीवर तोंडावर आपटतो. मुलांच्या डोळ्यांदेखत माणूस मरतो. नंतर टॉम दफनभूमीत विदूषकांचा एक गूढ विधी पाहतो. तिथे प्रत्येक विदूषकाचा चेहरा रंगवलेलं एकेक अंडं जपून ठेवलेलं आहे. सिनेमाचा नियमही इथेच कळतो: ज्या विदूषकाचा खेळ अर्धवट राहिला, त्याला मेल्यावरही शांती नाही.

सहा वर्षं जातात. टॉम आता किशोरवयीन आहे, विदूषकांच्या भीतीने पछाडलेला. आई घरी नसताना त्याच्या वाढदिवसाची पार्टी ठरते. बेत चार मित्रांचा असतो, पण घर मुलांनी भरून जातं. त्याच रात्री स्टिचेस थडग्यातून बाहेर येतो आणि त्या दिवशी हजर असलेल्यांना एकेक करून गाठायला लागतो.

स्लॅशरचा, म्हणजे एक खुनी माणसांना एकेक करून गाठत मारत जातो अशा भयपटाचा, जुना साचा ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवीन काही दिसणार नाही. मुलांच्या खोडसाळपणातून एक मृत्यू, मग काही वर्षांची शांतता, मग एखाद्या समारंभाच्या निमित्ताने सूड. 1980 सालच्या 'प्रॉम नाइट' या कॅनेडियन स्लॅशरमध्ये हाच सांगाडा आहे, आणि मधला काळसुद्धा सहा वर्षांचाच आहे. मॅकमॅहनने सांगाडा बदलण्याच्या फंदात न पडता सगळी ताकद दुसरीकडे लावली, आणि ते शहाणपणाचं होतं. साचा ओळखीचा असला की प्रेक्षकाला कथा समजावून सांगण्यात वेळ जात नाही. तो वेळ खेळांना देता येतो.

झिजलेला मुखवटा

2012 पर्यंत भीतिदायक विदूषक हा प्रकार पुरता वापरून झाला होता. विदूषकाच्या हातून खून ही कल्पना तर आपल्याला वाटते त्याहून फार जुनी. लिओनकाव्हालोच्या 1892 सालच्या 'पाल्याची' या ऑपेरात विदूषकाचं सोंग घेतलेला नट भर प्रयोगात आपल्या बायकोला मारतो. अमेरिकेत जॉन वेन गेसी हा माणूस 'पोगो' नावाने विदूषक बनून कार्यक्रमांत मुलांचं मनोरंजन करायचा. 1980 मध्ये त्याच्यावर 33 खून सिद्ध झाले आणि 1994 मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. स्टीफन किंगची 'इट' ही कादंबरी 1986 ची, आणि टिम करीने तिच्यातला विदूषक छोट्या पडद्यावर साकारला 1990 मध्ये. त्यानंतर रंगवलेल्या हास्यामागचा राक्षस दाखवणं ही जवळपास सवय होऊन बसली.

म्हणजे स्वस्त मुखवटा हाती होता, पण त्याची धार गेलेली होती. त्यात मॅकमॅहनला विनोदी भयपट करायचा होता, आणि खरी मेख तिथे आहे. हसणारा प्रेक्षक सैल होतो, घाबरणारा प्रेक्षक आवळला जातो. बहुतेक विनोदी भयपट यावर वाटणीचा तोडगा काढतात: एक प्रसंग हसण्याचा, पुढचा घाबरण्याचा. अशा सिनेमांत दोन्ही गोष्टी एकमेकींचा जोर कमी करतात. विनोद आला की भीती ओसरते, खून झाला की आधीचे विनोद उगाचच वाटू लागतात.

खून हाच खेळ

'स्टिचेस'चं उत्तर असं आहे की विदूषकाने खून करताना आपला धंदा सोडायचा नाही. त्याने हातात कुऱ्हाड घ्यायची नाही. वाढदिवसाला जे खेळ करून दाखवायचे, त्याच खेळांनी मारायचं. टोपीतून ससा काढायचा खेळ असतो, इथे ससा एका मुलाच्या घशातून बाहेर येतो. फुग्यांना पीळ देऊन कुत्रा करतात, इथे फुग्याच्या जागी आतडी आहेत. फुगा फुगवायचा पंप एका डोक्यात हवा भरतो. छत्री डोळ्यातून आरपार जाते. स्वयंपाकघरात तर डबा उघडायचं अवजार कवटीवर चालतं आणि मग आइस्क्रीमचा चमचा मेंदूकडे वळतो.

नुसती यादी वाचली तर हे किळसवाणं वाटेल, आणि आहेच. पण पडद्यावर थिएटर हसतं ते का, याकडे नीट बघण्यासारखं आहे. साध्या स्लॅशरमध्ये दचका बसतो कारण काय होणार ते आपल्याला माहीत नसतं. इथे उलट आहे. फुग्याचा कुत्रा कसा करतात हे प्रत्येकाने लहानपणी पाहिलेलं असतं. विदूषकाने हातात काहीतरी लांबट, मऊ घेऊन पहिला पीळ दिला की आपल्याला लख्ख कळतं, आता दुसरा पीळ, मग पाय, मग शेपूट. कृती पूर्ण व्हायला काही सेकंद लागतात आणि त्या सेकंदांत आपण सगळं आधीच ओळखून बसलेलो असतो. हसू येतं ते ओळख पटल्यामुळे आणि अंगावर काटा येतो तोही ओळख पटल्यामुळेच. दोन्हींचा उगम एकच असल्याने ती एकमेकांना मारत नाहीत. माझ्या मते हेच या सिनेमाचं खरं यश आहे, आणि बहुतेक परीक्षणांत त्याची दखल 'कल्पक खून' एवढ्या दोन शब्दांत संपवली जाते याचं मला वाईट वाटतं.

असा विचार करणारा हा पहिलाच सिनेमा मात्र नव्हे. अमेरिकेतल्या चिओडो बंधूंनी 1988 मध्ये 'किलर क्लाउन्स फ्रॉम आउटर स्पेस' केला तेव्हा परग्रहावरच्या विदूषकांच्या हातात पॉपकॉर्नची बंदूक दिली, माणसांना साखरेच्या कापसात गुंडाळून ठेवलं आणि हातांच्या सावल्यांच्या खेळातून बळी घेतले. ते मुळात बाहुल्या आणि स्पेशल इफेक्ट्स घडवणारे कारागीर, त्यामुळे सर्कशीतली प्रत्येक वस्तू त्यांना शस्त्र म्हणून दिसली. खुनी विदूषकांच्या गर्दीत तो सिनेमा आजही लोकांच्या लक्षात आहे, याचं श्रेय मी त्या सामानाला देईन. फरक इतकाच की चिओडोंचे विदूषक परके होते, त्यांचा माणसांशी काही हिशेब नव्हता. स्टिचेसचा आहे.

आणि हा हिशेब विनोदाला फार उपयोगी पडतो. स्टिचेस वाईट माणूस नव्हता, वाईट कामगार होता. उशिरा आला, मन लावून खेळ केला नाही, मुलांवर खेकसला. याची शिक्षा मृत्यू असू शकत नाही. दुसरीकडे नाड्या बांधणारी मुलंही खुनी नव्हती. दोन्ही बाजूंना थोडी चूक आणि थोडं दुर्दैव असल्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती सतत इकडून तिकडे जात राहते. तो मारतो तेव्हा आपण पूर्णपणे मुलांच्या बाजूचे नसतो, म्हणून हसू शकतो. पण टॉमकडे पाहिलं की हसू आटतं, कारण त्या दिवसाची किंमत तो सहा वर्षं मोजत आलेला आहे. भूमिका करणारा टॉमी नाइट हे ओझं चेहऱ्यावर शांतपणे वागवतो. आरडाओरडा न करणारा नायक विनोदी स्लॅशरमध्ये क्वचित मिळतो.

पैसा कुठे लावला

कमी खर्चाच्या सिनेमात निर्मितीचे निर्णय आणि कथेचे निर्णय वेगळे नसतात. इथे ते ठळक दिसतं. सिनेमाचा मोठा भाग एका घरात आणि एका रात्रीत घडतो. एक घर म्हणजे सामानाची ने-आण नाही, दिव्यांची मांडणी पुन्हा पुन्हा उभारायला नको, परवानग्यांची कटकट कमी. एक रात्र म्हणजे नटांना कपडे बदलायला नकोत. नट बहुतेक तरुण आणि फारसे नावाजलेले नाहीत. पार्टी असल्यामुळे माणसांची गर्दी, अंधारे कोपरे, मोठ्या आवाजातलं संगीत आणि कुणी ओरडलं तरी कुणाला ऐकू न जाणं हे सगळं आपोआप मिळतं. घर भरलेलं असूनही जो तो एकटा सापडतो, यावर वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

वाचलेला पैसा गेला आहे तो रक्तामांसात. खुनांचे बहुतेक परिणाम कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेले आहेत, संगणकावर रंगवलेले नाहीत. या कामाची रीत समजून घेतली तर दिग्दर्शकाचं गणित लक्षात येतं. नटाच्या चेहऱ्याचा साचा घेतात, त्यावरून सिलिकॉनचं किंवा लेटेक्सचं डोकं ओततात, केस एकेक करून रोवतात, आत नळ्या बसवून त्यांतून हवा किंवा नकली रक्त सोडतात. असं डोकं एकदा फुटलं की गेलं. त्यामुळे दुसरा टेक म्हणजे दुसरं डोकं, आणि दुसरं डोकं म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च. रक्ताचे डाग पडले की पोशाखाचे जोड लागतात, भिंती पुसाव्या लागतात, तास जातात. म्हणून अशा सिनेमात मोजके खून ठेवून ते सावकाश दाखवणं हे डझनभर खून घाईघाईत उरकण्यापेक्षा परवडतं. 'स्टिचेस'मध्ये बळींची संख्या स्लॅशरच्या मानाने थोडी आहे आणि प्रत्येकाला भरपूर वेळ मिळतो. विनोदालाही तोच वेळ हवा असतो. पीळ, पाय, शेपूट.

हाताने घडवलेल्या गोष्टींचा आणखी एक फायदा विनोदी भयपटाला मिळतो. फुगत जाणारं डोकं खरं नाही हे आपल्याला दिसतं, पण ती वस्तू खरोखर तिथे आहे, तिच्यावर उजेड पडलाय, तिला वजन आहे. या दोन जाणिवांमुळे किळस आणि मजा एकत्र नांदू शकतात. संगणकावर केलेलं स्वस्त रक्त ना धड किळस आणतं, ना मजा.

बोलणारा विदूषक

स्टिचेसच्या भूमिकेसाठी निवडला गेला रॉस नोबल, न्यूकॅसल भागातून आलेला इंग्लिश स्टँड-अप कलावंत. आयत्या वेळी सुचेल त्यावर तासन्तास बोलणारा, समोरच्या प्रेक्षकांतून विषय उचलणारा म्हणून तो ब्रिटनमध्ये आधीच ओळखला जात होता. चित्रपटातली त्याची ही पहिलीच मोठी भूमिका. सिनेमाला त्यातून एक ओळखीचं नाव मिळालं हा व्यवहाराचा भाग झाला. त्याहून महत्त्वाचं हे की, न हसणाऱ्या प्रेक्षकांसमोर उभं राहण्याचा अनुभव ज्याला आहे असाच माणूस त्यांना मिळाला. सुरुवातीच्या वाढदिवसात त्याचा खेळ पडतो आणि मुलं टोमणे मारतात, तेव्हा त्याच्या अंगात जो आंबट थकवा दिसतो तो निव्वळ अभिनयाच्या शिकवणीतून आला असता असं मला वाटत नाही. कार्यक्रम हातातून निसटत चालला आहे हे कळलेला माणूस कसा उभा राहतो, कुठे बघतो, आवाज किती चढवतो, हे सगळं तो अचूक दाखवतो. ही पहिली काही मिनिटं मला पुढच्या कुठल्याही रक्तपातापेक्षा मोलाची वाटतात.

परत आल्यावर मात्र प्रत्येक खुनाला एक शाब्दिक कोटी जोडलेली आहे. इथे पटकथेने त्याच्यावर आणि स्वतःवरही अन्याय केला आहे. आतड्यांचा कुत्रा पुरेसा बोलका असतो. त्यावर वाक्य टाकलं की प्रेक्षकाने स्वतः लावलेला संबंध त्याच्या हातून काढून घेतल्यासारखं होतं. कोट्या करणारा खुनी ही 80 च्या दशकातल्या स्लॅशर मालिकांची सवय, आणि इथे ती गरज नसताना चिकटली आहे. याच्या अगदी उलट मार्ग डेमियन लिओनीने 'टेरिफायर' मालिकेत धरला. त्याचा आर्ट नावाचा विदूषक एक शब्दही बोलत नाही, सगळं मूकाभिनयातून करतो. 2022 सालचा दुसरा भाग सुमारे 2,50,000 डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने दीड कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्या यशामागे क्रौर्याचा गाजावाजाही होताच, आणि त्या सिनेमांतलं क्रौर्य मला सोसत नाही. पण गप्प राहणाऱ्या विदूषकाची ताकद त्यांनी दाखवून दिली हे मान्य करावं लागतं. रॉस नोबलसारख्या बोलघेवड्या कलावंताला खुनाच्या वेळी गप्प ठेवून बाकीच्या वेळी मोकळं सोडलं असतं, तर 'स्टिचेस'ला दोन्ही बाजूंचा लाभ झाला असता.

अंडं कुठून आलं

सिनेमातली सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात आहे, आणि तिच्याविषयी सांगताना मला मनापासून आनंद होतो. 1946 च्या सुमारास स्टॅन बल्ट नावाच्या एका इंग्लिश गृहस्थाने विदूषकांचे चेहरे कोंबडीच्या रिकाम्या अंड्यांवर रंगवून ठेवायला सुरुवात केली. आतला बलक काढून टाकायचा आणि कवचावर त्या त्या विदूषकाची रंगभूषा हुबेहूब उतरवायची. पुढे 'क्लाउन्स इंटरनॅशनल' या संघटनेने ही नोंद चालू ठेवली. नाजूक कवचांऐवजी चिनी मातीची अंडी आली. एका विदूषकाने दुसऱ्याचा चेहरा उचलू नये हा धंद्यातला अलिखित संकेत, आणि ही अंडी म्हणजे त्याची नोंदवही. लंडनच्या डॉल्स्टन भागातल्या होली ट्रिनिटी चर्चशी या संग्रहाचं जुनं नातं आहे. आधुनिक विदूषकाचा जनक मानला जाणारा जोसेफ ग्रिमाल्डी 1837 मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ लंडनमध्ये दर फेब्रुवारीत प्रार्थना होते आणि तिला विदूषक पूर्ण वेशात येतात.

मॅकमॅहन आणि सहलेखक डेव्हिड ओब्रायन यांनी या नोंदवहीत जीव घातला: अंड्यावर चेहरा आहे तर आतमध्ये आत्माही असेल. किती स्वस्त आणि किती समर्पक कल्पना! एक अंडं, थोडा रंग, आणि सिनेमाला स्वतःची दंतकथा मिळाली. झिजलेल्या मुखवट्याला धार आली ती इथे. स्टिचेस हा कुठल्यातरी नरकातून आलेला राक्षस राहत नाही. तो एका व्यवसायाचा, त्याच्या रीतिरिवाजांचा, त्याच्या मानापमानाचा भाग बनतो. खेळ अर्धवट सोडणं हे त्या व्यवसायातलं पाप आहे, आणि त्याला ते मुलांनी करायला लावलं.

मधला भाग आणि शेवट

पहिला वाढदिवस संपल्यापासून दुसरा रंगात येईपर्यंत सिनेमा रेंगाळतो. शाळा, मुलांचे आपसातले टोमणे, टॉमचं एका मुलीवरचं प्रेम हे सगळं आवश्यक आहे, पण ते इतर किशोरपटांतून उचलल्यासारखं वाटतं. ज्या मुलांना पुढे मरायचं आहे त्यांच्या स्वभावाच्या दोन-तीन ठळक रेषा त्या पहिल्या वाढदिवसातच आखल्या गेल्या होत्या. त्या पुरेशा होत्या.

शेवटाची तक्रार मात्र गंभीर आहे. टॉमला कळतं की अंडं फुटलं की विदूषक संपतो. मग धावपळ होते, पाठलाग होतो, अंडं फुटतं, स्टिचेस संपतो. प्रसंग वेगवान आहे, हसवणाराही आहे. पण सिनेमाने सुरुवातीला दिलेला नियम वेगळाच होता. स्टिचेसला शांती नाही कारण त्याचा खेळ अर्धवट राहिला. तो परत येतो आणि खेळ करतच मारतो, म्हणजे तो नियम त्याच्या प्रत्येक कृतीत मुरलेला आहे. अशा वेळी सुटकेचा मार्ग एकच असायला हवा होता: खेळ पूर्ण होऊ देणं. अंडं हा दुसराच नियम आहे. त्यातून मिळणारी सुटका यांत्रिक आहे, कुलपाला किल्ली लागावी तशी. त्यात टॉमला फक्त चपळ असावं लागतं. आपण त्या दिवशी एका माणसाची चेष्टा चालू दिली, हे त्याला कुठेही उच्चारावं लागत नाही.

त्याच घरात, त्याच दिवाणखान्यात टॉम पुन्हा खाली बसला असता आणि त्याने स्टिचेसला राहिलेला खेळ करायला सांगितला असता, तर हातपाय थरथरत असताना शेवटपर्यंत बघणं आणि टाळ्या वाजवणं एवढंच त्याचं काम उरलं असतं. त्या टाळ्या भीतीपोटी आहेत की मनापासून, हे विदूषकाला कळेल का, यावर सगळा ताण उभा राहिला असता, आणि रॉस नोबलला त्याच्या ताकदीचा प्रसंग मिळाला असता. शिवाय त्यासाठी नवं डोकं ओतावं लागलं नसतं, नवी जागा लागली नसती, रक्ताचा एक थेंबही लागला नसता.